बाबांच्या नावावरची दुसरी गाडी

इस्मायलिया, २४ सप्टेंबर १९९८

मिदहत,

सलाम. बाबा गेले आणि तू आला नाहीस, याबद्दल मी या पत्रात एक शब्दही लिहिणार नाही. विमानात जागा नसेल, साहेबाने रजा दिली नसेल, दाढ दुखत असेल. कुवेतमध्ये माणसाला काहीही होऊ शकतं. शोकाच्या मंडपात खुर्च्या कमी पडल्या. बाबांचे जुने विद्यार्थी, आता पोटं सुटलेले आणि टक्कल पडलेले, डोळे पुसत कडू कॉफी पीत होते. मुलाच्या जागी सब्री उभा राहिला. जावई असून सगळ्यांचे हात त्यानेच हातात घेतले. बघ, लिहायचं नाही म्हणता म्हणता लिहिलंच.

पत्राचं खरं कारण गाडी आहे. बाबांच्या पांढऱ्या फियाटचा परवाना या महिन्याअखेर संपतोय. कर आणि विमा भरल्याशिवाय तो वाढत नाही, आणि परवाना नसलेली गाडी दारात उभी दिसली की पोलीस ती ओढून नेतात. म्हणून मी बाबांचा मृत्यूचा दाखला घेऊन वाहतूक कचेरीत गेले. खिडकीत मदाम फिक्रीया नावाची बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. तिने दाखला पाहिला, दोन शब्द सांत्वनाचे बोलली आणि विचारलं, "कुठल्या गाडीचं काम?"

"एकच तर आहे."

"तुमच्याकडे असेल एक. शौकत अब्दुल-बारी यांच्याकडे दोन आहेत. एक फियाट, एक मर्सिडीज."

मी म्हटलं, नाव बघा नीट, माझे वडील शाळा तपासनीस होते, मंत्री नव्हते. तिने पुन्हा पाहिलं. नाव तेच, आजोबांचं नाव तेच, घरचा पत्ताही तोच. शिवाय मर्सिडीजवर दंड साठलेत आणि ते भरल्याशिवाय फियाटचंही काम पुढे जाणार नाही. दंड बहुतेक पोर्ट सईदचे. आणि कशाबद्दल, ऐक. भर रस्त्यात विनाकारण हॉर्न वाजवल्याबद्दल! आपले बाबा! जिन्यात कुणी मोठ्याने शिंकलं तरी दार उघडून "शिस्त!" म्हणणारे! वर फिक्रीयाबाई म्हणते, "हे सगळे गुरुवारचे दिसतायत." बाबा गुरुवारी कुठे असायचे हे तुला सांगायला नको. "मित्रांकडे जातो" म्हणून दुपारी निघायचे आणि उशिरा परत यायचे.

मिदहत, माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. कुठेतरी पाणी मुरतंय. माणूस दुसरी गाडी लपवतो ती दुसऱ्या घरासाठी. सब्रीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दोन गाड्या म्हणजे दोन बायका असतील, तर मला एकही गाडी नाही, मग मी काय समजू?" त्याला सगळ्याची चेष्टा सुचते.

आणखी एक. मंडपात एक माणूस आला होता. मी बायकांच्या बाजूने गच्चीतून पाहत होते. चाळिशीचा, तपकिरी सूट, जाड मिशा. कुणाच्या ओळखीचा नाही, आणि रडला सगळ्यांपेक्षा जास्त. सब्रीचा हात धरून त्याने काय विचारलं माहीत आहे? "सरांचे वारस किती? परदेशातला मुलगा कधी येणार?" परक्या माणसाला आमचे वारस मोजायचं कारण काय? मला तर त्याचं नाक बाबांसारखं वाटलं.

आई गेल्यावर बाबांनी आपल्याला काय सांगितलं होतं, आठव. "मी तुमच्या आईची जागा कुणाला देणार नाही." त्या एका वाक्यावर मी त्यांना आयुष्यभर मान दिला. ते वाक्य खरं होतं की खोटं, एवढंच मला कळायला हवं. गाडी जाऊ दे खड्ड्यात. तुला काही माहीत असेल तर लिही. तुला मी कडेवर खेळवलंय. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस.

तुझी बहीण,
इनायात

इस्मायलिया, ११ ऑक्टोबर १९९८

मिदहत,

तुझं पत्र पोहोचलं. तुझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तू इतक्या लवकर उत्तर लिहिलंस. मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि मुलुखियाची पातळ पालेभाजी उतू गेली. म्हणजे तुलाही शंका होती! पोर्ट सईदच्या कुणा विधवेबद्दल तू पूर्वीच ऐकलं होतंस आणि मला दुःख नको म्हणून बोलला नाहीस! केवढं ओझं एकट्याने वाहिलंस रे.

पण तुझ्या शब्दावरसुद्धा मी डोळे मिटून विसंबणारी नाही. सब्रीला घेऊन गुरुवारी बसने पोर्ट सईदला गेले. दंड जिथे झाले त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या दारात ती उभी होती. काळी मर्सिडीज, टपावर कागदी फुलं, आरशांना गुलाबी फिती. दार उघडून एका नवरीचा झगा सावरत होता तोच तपकिरी सूटवाला! भोवती बायका जिभा हलवून किलकाऱ्या मारत होत्या. सब्री म्हणाला, "निदान मुहूर्त चांगला गाठलास." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

नवरीची आई काळ्या कपड्यांत होती. विधवा. मी पाहत राहिले म्हणून तीच जवळ आली, "या ना, शरबत घ्या." मी विचारलं, गाडी कुणाची हो? ती हसून म्हणाली, "शौकत सरांची. त्यांच्यामुळे तर भाडंसुद्धा द्यावं लागलं नाही. माझ्या मुलीवर फार जीव होता त्यांचा, अल्ला त्यांना रहमत देवो."

माझ्या मुलीवर फार जीव होता! मी शरबत तिथेच ठेवलं. परतताना बसमध्ये सब्री म्हणत होता, एका वाक्यावरून कुणाचा संसार मांडू नकोस. मी म्हटलं, तुला काय, तुझे वडील नव्हते ते.

आता तू म्हणतोस तसं केलंय. फिक्रीयाबाईने मला आणखी एक भीती घातली होती. ती म्हणाली, "विमा मेलेल्याच्या नावाने आहे. उद्या ती गाडी कुणाच्या अंगावर गेली तर भरपाईसाठी लोक तुमच्या दारात उभे राहतील." तू लिहिलंस तोच उपाय बरोबर. ठाण्यात जाऊन तक्रार दिली की वडिलांची गाडी परका माणूस आमच्या परवानगीशिवाय चालवतो. अधिकाऱ्याने चहा पाजला आणि म्हणाला, आणून उभी करू.

आणि बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी मी रद्द केला.

वाचून दचकू नकोस. शेख मुतवल्लींना निरोप दिला की कुराण वाचायला येऊ नका. बेकरीतून गरिबांना वाटायच्या पावांची मागणी परत घेतली. दर गुरुवारी कबरीवर जात होते, तेही थांबवलं. ज्या माणसाने आईच्या जागी दुसरीला बसवलं आणि वर आम्हाला खोटं सांगितलं, त्याच्यासाठी मी खुर्च्या मांडून लोकांचे नमस्कार का घ्यायचे? बाबांचं घर झाडायला गेले तेव्हा तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या उम्म वाएलने कारण विचारलं. मी सांगितलं, कुणाला बोलू नकोस म्हणून बजावूनच सांगितलं. संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्याच्या बायकासुद्धा माझं सांत्वन करायला खाली उतरल्या. एकीने तर म्हटलं, "मला तपासनीससाहेबांच्या त्या इस्त्रीच्या शर्टांवरून आधीच वाटायचं." आता लोकांना सगळंच आधीपासून वाटत होतं.

तू तेवढा एक आपला उरलास. तब्येत सांभाळ.

इनायात

इस्मायलिया, १ नोव्हेंबर १९९८

मिदहत,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा शिव्या गाळून लिहिते आहे.

गाडी पकडली. भर मिरवणुकीत पकडली. नवरी-नवरदेवाला रस्त्यात उतरवलं, आणि नवरी झगा हातात धरून चालत हॉलपर्यंत गेली म्हणे. दुसऱ्या दिवशी तपकिरी सूटवाला माझ्या दारात. त्याचं नाव अतवा. पोर्ट सईदला सगळे त्याला उस्ताद म्हणतात. मी दाराची साखळी न काढताच बोलले.

"बाईसाहेब, मी चोर नाही."

"मग कोण आहात? आधी आई कोण ते सांगा."

तो गोंधळला. "माझी आई? मासळीबाजारात मासे विकायची. का?"

"आणि बाप?"

"तिच्याच शेजारी बसून बर्फ फोडायचा. बाईसाहेब, तुम्हाला माझी सोयरीक जुळवायची आहे का? मला तीन मुली आहेत."

मागून सब्री हसला. त्याने माझा हात बाजूला करून साखळी काढली आणि त्याला आत घेतलं. अतवा खुर्चीच्या टोकावर बसला. कॉफी आणली तर हात लावला नाही. म्हणाला, गाडी माझी आहे. बायकोच्या वाट्याचं शेत विकून घेतली. सरांनी मला मुखत्यारपत्र करून दिलं होतं, त्यावर मी इतकी वर्षं चालवतोय, दर वर्षी कर आणि विमाही मीच भरतोय. नाव बदलायला गेलं की वेगळा कर, वेगळी फी आणि कचेऱ्यांच्या खेपा. "सर दर वर्षी ओरडायचे, अतवा, नावावर करून घे, माणसाचा काय भरवसा. मी म्हणायचो, सर, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य आहे. पुढच्या वर्षी करू."

असं करणारा तो एकटा नाही. सब्रीच्या काकांची गाडी अजून एका ग्रीक माणसाच्या नावावर आहे. तो कधीच देश सोडून गेला. अर्धा देश दुसऱ्याच्या नावावर गाडी हाकतो आणि मालक जिवंत राहावा म्हणून दुआ मागतो. मालक गेला की मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर मातीत जातं आणि गाडी वारसांची होते. मंडपात तो रडत होता, त्यातलं निम्मं रडू गाडीसाठी होतं. हे त्यानेच कबूल केलं. "खोटं कशाला बोलू? निम्मं सरांसाठी, निम्मं पोटासाठी."

मी तरीही ऐकेना. मी म्हटलं, शाळा तपासनीसाकडे मर्सिडीज आली कुठून? तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुम्हाला खरंच ठाऊक नाही? तुमच्या भावाची होती. युद्धात कुवेतहून घेऊन आला ती."

मी त्याला उठ म्हटलं. दार दाखवलं. माझा भाऊ कुवेतहून एका पिशवीनिशी आला होता. बसमधून उतरला तेव्हा पायात धड बूट नव्हते. गाडी वाटेत सैनिकांनी काढून घेतली, असं त्याने माझ्या गळ्यात पडून सांगितलं होतं. मी हे सगळं ओरडून सांगितलं. अतवा दारापर्यंत गेला, वळला, आणि हळूच म्हणाला, "सापाच्या तोंडाच्या चार बांगड्या. एका सापाचा निळा डोळा पडलेला. त्या तुमच्याच ना?"

मिदहत, त्या बांगड्या मी तुला परतीच्या तिकिटासाठी दिल्या हे मी सब्रीलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं की अंघोळीच्या वेळी घरच्या हमामात हरवल्या. तो डोळा कधी पडला, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी अतवाला परत आत घेऊन खुर्चीवर बसवलं.

पुढचं अतवाने सांगितलं ते असं. गाडी तू सुएझला मित्राकडे ठेवलीस आणि आमच्याकडे पिशवी घेऊन आलास. मग बाबांना सांगितलंस की तुला परत जायची घाई आहे, नावावर घ्या आणि विका. बाबांना वाटलं, मुलाचं सगळं गेलंय, एवढं तरी हाती लागू दे. सौदा सुएझच्या कॉफीहाऊसमध्ये झाला. पैसे बांधायला तू रुमाल सोडलास आणि त्यातून माझ्या बांगड्या टेबलावर पडल्या. बाबांनीच त्या माझ्या लग्नात घातल्या होत्या. ते म्हणाले, "या इनायातच्या." म्हणाले, आत्ता परत दे. तू म्हणालास, दिल्या तर गाडी विकल्याचंही तिला सांगावं लागेल, मग ती माझं तोंड बघणार नाही.

बाबांनी चहा तसाच ठेवला. बाहेर आल्यावर अतवाला सांगितलं, "माझ्या घरी कधी येऊ नकोस. या गाडीचं माझ्या मुलीला कळता कामा नये. तिला एकच भाऊ आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी फिक्रीयाबाईवर संशय घेतला, अतवाच्या आईवर घेतला, त्या गरीब विधवेवर घेतला, माझ्या मेलेल्या बापावर घेतला. एक तुला तेवढं सोडलं.

आणि गुरुवार? अतवाला तेही विचारलं. तो पहिल्यांदाच हसला, म्हणाला, लग्नं गुरुवारचीच असतात ना. बाबा म्हणायचे, विमा माझ्या नावाने आहे, कुणाला धक्का लागला तर जबाबदार मी, तेव्हा मी शेजारी बसणार. म्हणून आपले बाबा, शाळा तपासनीस शौकत अब्दुल-बारी, दर गुरुवारी कोट घालून नवरीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचे. सुरुवातीला नुसते वेगाच्या काट्याकडे डोळे लावून. नंतर नवऱ्या त्यांचा हात डोक्यावर घ्यायला लागल्या. बाप नसलेली मुलगी असली की ते अतवाला म्हणायचे, हिचं भाडं घेऊ नकोस. त्या विधवेच्या मुलीबद्दल तर तिच्या साखरपुड्यालाच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, मग हॉर्नचे दंड कसले? अतवा म्हणाला, "बाईसाहेब, हॉर्न सरच वाजवायचे. मी म्हणायचो, दंड होईल. ते म्हणायचे, होऊ दे, लग्न आहे."

मी रडले. सब्रीही रडला, पण तो म्हणे कांदा.

अतवाने जाताना विचारलं, "चाळिसाव्याला घर बंद कसं होतं?" तो आला होता. जिन्यात ना खुर्ची, ना आवाज. मग तो कबरस्तानात गेला, दुसऱ्या कुणासाठी आलेल्या एका शेखना हात जोडून बोलावलं आणि बाबांसाठी कुराण वाचून घेतलं. बाबांच्या चाळिसाव्याला पोटची दोन्ही मुलं नव्हती. बर्फ फोडणाऱ्याचा मुलगा होता.

तू मला त्या विधवेबद्दल लिहिलंस ते का, हेही आता कळलं. गाडी जप्त झाली की ती वारसांची, आणि मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. विकलेली गाडी तुला पुन्हा विकायची होती. त्यासाठी तू स्वतःच्या बापाला बाहेरख्याली ठरवलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात दिलास.

मला तुझी माफी नको. आपल्या वकिलातीत जा आणि गाडी अतवाच्या नावावर करायला संमती देऊन माझ्या नावाने मुखत्यारपत्र पाठव. मी एकटीने सही करून भागत नाही, नाहीतर तुझ्याकडे मागितली नसती. तोवर गाडी पोलिसांच्या आवारात धूळ खात उभी आहे आणि अतवाच्या घरची चूल त्या गाडीवर पेटते.

इनायात

इस्मायलिया, २२ नोव्हेंबर १९९८

मिदहत,

तुझं पत्र वाचलं, सब्रीलाही वाचून दाखवलं. आता त्याच्यापासून लपवायचं काही उरलं नाही. बांगड्यांचं कळल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "मी वर्षभर हमामातली मोरी साफ करत होतो."

"तेव्हा परिस्थिती वेगळी होती" म्हणतोस. असेल. परिस्थिती बदलली तशी तुझी जीभ बदलली नाही, एवढंच मला दिसतं. आणि बाबांच्या त्या विधवेबद्दल तू "फक्त शक्यता मांडली होतीस". मीच म्हणे मूळची संशयी. यात मात्र तू खरं बोललास. आहेच मी संशयी. म्हणून तुझ्या पत्रातलं शेवटचं पान मी आधी वाचलं. कामाचं तू नेहमी शेवटी लिहितोस.

तर तुझी अट अशी: बाबांच्या घरातला माझा एक वाटा मी तुला सोडायचा, मग तू गाडीसाठी सही करणार. "ताई, शेवटी तुझं स्वतःचं घर आहेच." सब्रीचं दोन खोल्यांचं, भाड्याचं. तुला माहीत आहे. सब्री निवृत्त झाला की आम्ही बाबांच्या घरी राहायला जाणार होतो, हेही तुला माहीत आहे. बाबांच्या हयातीत ठरलं होतं ते.

माझी जाऊबाई म्हणते, कोर्टात जा. वकील म्हणतो, जिंकशील, पण वर्षं जातील. अतवाने तर हात जोडले, "बाईसाहेब, माझ्यासाठी घर सोडू नका. मी दुसऱ्याची टॅक्सी चालवीन." कालपासून तो चालवतोच आहे. दिवसभर टॅक्सी आणि संध्याकाळी पोलिसांच्या आवाराबाहेर उभं राहून कुंपणातून आपल्या गाडीकडे बघणं. त्याच्या थोरलीचं लग्न रमझाननंतर आहे. माणूस आयुष्यभर लोकांच्या मुली मिरवतो आणि स्वतःच्या मुलीला पायी धाडतो, हे मी केलेलं आहे. तू सुचवलंस, पण तक्रारीवर सही माझी आहे.

मला विचार करू दे.

इनायात

इस्मायलिया, १४ डिसेंबर १९९८

मिदहत,

झालं. तुझं मुखत्यारपत्र पोहोचलं. मी त्यातली प्रत्येक ओळ तीनदा वाचली, सब्रीकडून वाचून घेतली, वकिलाकडून वाचून घेतली, मगच माझ्या वाट्याच्या कागदावर सही केली. तो कागद याच पाकिटात आहे. घर तुझं.

सब्रीने सहीच्या आधी एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, मी बापाचा चाळिसावा बुडवला, तो परत येत नाही. त्यांचं नाव तरी परत आणू दे. तो म्हणाला, मग भाड्याच्या घरातच म्हातारे होऊ, मालक भला आहे. हा माणूस मला कुठल्या पुण्याने मिळाला कोण जाणे. मी तर त्याच्यावरही संशय घ्यायचे.

गाडी सुटली. आम्ही तिघं वाहतूक कचेरीत गेलो. दंड अतवाने भरले, हॉर्नचेसुद्धा. मी म्हटलं, ते आमच्या बाबांचे, मी भरते, तर त्याने ऐकलं नाही. फिक्रीयाबाईने जुन्या नावावर रेघ मारली आणि कर, विमा, परवाना सगळं अतवाच्या नावावर केलं. त्याने कागद हातात घेतला आणि विचारलं, "आता मी मेलो तर?" फिक्रीयाबाई म्हणाली, "मग तुमच्या मुली माझ्याशी भांडायला येतील." फियाट सब्रीने ठेवायची असं तू लिहिलंस, उपकार झाले. तिची बॅटरी मेली आहे.

मग मी बाबांच्या घरी गेले. आईची शिवणयंत्राची पेटी आणि बाबांचा कोट एवढंच घेतलं. बाकी सगळं जागच्या जागी आहे. किल्ली उम्म वाएलकडे आहे.

पण किल्ली देण्याआधी मी चौथ्या मजल्यावर चढले आणि तिथून एकेक दार वाजवत खाली आले. ज्या ज्या घरात मी बाबांची दुसरी बायको पोहोचवली होती, त्या प्रत्येक घरात. चहा घेतला नाही, बसले नाही. उंबऱ्यात उभी राहून सांगितलं: माझे वडील माझ्या आईशी शेवटपर्यंत प्रामाणिक होते. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. लाज माझी आहे, त्यांची नाही. इस्त्रीच्या शर्टांवरून जिला आधीच वाटायचं ती मान खाली घालून म्हणाली, माफ कर ग इनायात. मी म्हटलं, माझी नको, त्यांची माग.

आणि प्रत्येक दारात मला एकच प्रश्न विचारला गेला. मग ती मर्सिडीज कुणाची होती?

मी सांगितलं. बांगड्यांसकट, विधवेसकट, पिशवीसकट, सगळं सांगितलं. चारही मजले झाले, शेवटी उम्म वाएल. तिला मात्र या वेळी मी गुप्त ठेव असं म्हटलं नाही.

घर आता तुझं आहे, मिदहत. कधीही ये. जिना चढताना सगळे तुला ओळखतील.

इनायात शौकत अब्दुल-बारी